भट्टी निवेपर्यंत

मंगळवार, ४ मार्च

काचवाले,

सलाम. काल संध्याकाळी सुखरूप पोचले. बाबांच्या गाडीचं चाक उतारावर निखळलं आणि गाडी त्यांच्याच पायावर कलंडली. गुडघ्याखालचं हाड मोडलंय. डॉक्टरांनी फळ्या बांधून दिल्यात आणि दोन महिने हलायचं नाही म्हणून बजावलंय. बाबा त्या फळ्यांना अडेल घोड्याला घालावेत तशा शिव्या घालतात, म्हणजे जीव शाबूत आहे. तुम्ही निघताना दिलेलं घोंगडं त्यांच्याच अंगावर आहे. "हे त्याचं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि ते हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

इथे आपली गोष्ट वर्षभरात चांगलीच पिकली आहे. काल रात्रीच्या आत शेजारच्या चौघीजणी येऊन मला हात लावून बघून गेल्या. एकीला वाटत होतं तुम्ही मला साखळीने बांधून ठेवता. दुसरी म्हणाली, गाडीवानाने एका गुलाबापायी पोटची पोर राक्षसाला देऊन टाकली, आणि तो राक्षस काचेच्या घरात राहतो. मी म्हटलं, काचेच्या नाही हो, विटांच्या घरात राहतो, आणि त्याचं छप्पर गळतं.

मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. वादळात अडकलेल्या बाबांना तुम्ही आसरा दिलात, जेवू घातलंत, पण स्वतः समोर आला नाहीत. सकाळी निघताना त्यांना कामाच्या बाकावर कागदात गुंडाळलेला लाल काचेचा गुलाब दिसला. अशा ठिकाणी असे गुलाब पोत्याने पडलेले असतील असं त्यांना वाटलं. धाकटीने गावाहून गुलाब मागितला होता, म्हणून त्यांनी तो खिशात टाकला. तो तुमच्या वडिलांच्या हातच्या लाल काचेचा शेवटचा तुकडा होता, नव्या चर्चच्या खिडकीसाठी राखून ठेवलेला, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! घरी येईस्तोवर खिशातच त्याचे तुकडे झाले. बाबा ते कबूल करायला परत आले, मी त्यांच्यामागे आले, आणि एक वर्ष तुमच्या हाताखाली काम करीन असा करार मीच केला. तुम्ही मागितला नव्हता. हे मी त्या चौघींना तीनदा सांगितलं. त्यांना राक्षसच जास्त आवडला.

आठ दिवसांत येते म्हणाले आहे, तशी पुढच्या मंगळवारी येईन. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही तेव्हाच देईन. करार येत्या शनिवारी संपतोय हे लक्षात आहे माझ्या. त्यानंतरही येशील का, आणि कामाला नव्हे, असं तुम्ही विचारलंत आणि लगेच वळून ब्रश धुवायला लागलात. तो ब्रश स्वच्छच होता.

भट्टी उघडलीत का? सहज विचारते. आत चर्चच्या खिडकीतल्या मेंढपाळाचा चेहरा आहे, मी रंगवलेला, म्हणून म्हटलं. घाई करू नका.

गुलाबचोराची धाकटी

गुरुवार, १३ मार्च

काचवाले,

सलाम. मंगळवार येऊन गेला आणि मी इथेच आहे. तुमचं पत्र नाही. टपालगाडी सोमवारी आली, आजही आली. ताईला गंमत वाटते, की एरवी हाक मारल्याशिवाय न उठणारी मी गाडीच्या घंटेला दारात कशी.

न येण्याची कारणं लिहिते. एक म्हणजे बाबांना उठवून बसवायला दोन माणसं लागतात. दुसरं म्हणजे ताई. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलंय. तिचं सासर पलीकडच्या गल्लीत आहे, पण पाय सदा इथेच. परवा मी गाठोडं बांधायला घेतलं तर ती विळी घेऊन माझ्यासमोर बसली आणि कांदे चिरता चिरता ढसाढसा रडली. मी म्हटलं, "ताई, कांदा बाजूला ठेव आणि मग रड, म्हणजे मला खरं वाटेल." ती म्हणाली, "खरं रडायला मला कांदा लागत नाही, पण सुरुवात करायला लागतो."

तिसरं कारण गाडीच्या रस्त्याचं लिहिणार होते. रस्ता चांगला आहे. जाऊ दे.

एक मात्र मनातून काढून टाका. तुमच्या चेहऱ्यामुळे मी थांबले आहे असं तुम्हाला वाटत असेल तर ते साफ खोटं आहे. पहिल्या दिवशी तुमचा मफलर घसरला, डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत दिसला आणि माझ्या हातातून खिळ्यांचा डबा पडला, हे खरं. तुम्ही खाली बसून खिळे वेचायला लागलात. मीही बसले. दोघांनी मिळून सगळे खिळे वेचले आणि तेवढ्या वेळात माझं पाहून झालं. त्यानंतर मला तुमच्या चेहऱ्यात तुम्हीच दिसता. आणि तो मफलर कामाच्या वेळी तरी काढत जा असं मी किती वेळा सांगितलंय! भट्टीपाशी लोंबता कपडा नको, हा तुमचाच नियम आहे.

तुम्हाला रोज संध्याकाळी हातपाय धुताना "उद्या येणार का?" असं विचारायची सवय होती. कराराने बांधलेल्या माणसाला काय विचारता, असं मी पहिले सहा महिने म्हणायचे. नंतर म्हणेनाशी झाले. पाळकबाईंच्या घरी खोलीवर परतताना मी वाटेत तो प्रश्न पुन्हा पुन्हा स्वतःला विचारायचे, तुमच्या आवाजात. हे तुम्हाला माहीत नाही. इथे कोणी विचारत नाही. सगळ्यांनी धरूनच चाललंय की मी असणार.

भट्टीबद्दल काही कळवलं नाहीत. रागावला आहात का?

गुलाबचोराची धाकटी

गुरुवार, २० मार्च

काचवाले,

अजून पत्र नाही. म्हणजे तुम्ही भट्टी उघडलीत आणि पाहिलंत. नाहीतर एवढ्यात तुम्ही एक ओळ तरी लिहिली असती. "काम पडून आहे" एवढी तरी.

रविवारी इथल्या उपासनेला गेले. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तशी माझा उजवा तळहात आपोआप पुढे गेला, आणि समोरच्या बाकावरच्या बाईंच्या पाठीला लागला. त्या दचकल्या. ही सवय कुठली ते त्यांना काय सांगू! तुम्ही मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतंत, की भट्टी विझवल्यावर पूर्ण दिवसभर तिला हात लावायचा नाही. मग तळहात लोखंडी दारावर टेकवायचा आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची, प्रत्येक ओळ मनापासून, सावकाश. शेवटच्या आमेनपर्यंत हात टेकवून ठेवता आला तरच कडी काढायची. मध्येच चटका बसला तर अजून वेळ आहे. आत काच गरम असते, बाहेरची हवा गार. एकदम भेटली की तडकते. तुमच्या घराण्यात घड्याळ कधी नव्हतंच.

तुम्ही हेही सांगितलं होतंत की विसाव्या वर्षी तुम्ही स्वतः ती प्रार्थना अर्धी सोडून दार उघडलंत आणि आतल्या निखाऱ्यांनी झेप घेतली. त्या घाईची खूण तुम्ही चेहऱ्यावर वागवता. हे ऐकूनही शहाणपण येत नसेल तर त्या माणसाला काय म्हणायचं?

उपासनेत क्षमेची ओळ आली आणि माझा आवाजच फुटेना. ताईने वळून पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "तू काहीतरी गिळून बसली आहेस." मी म्हटलं, काही नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आज एवढंच. मला लिहायचं होतं ते लिहिलं नाही.

धाकटी

शनिवार, २२ मार्च

काचवाले,

आता लिहितेच. ताकाला जाऊन भांडं लपवायचा मला कंटाळा आला.

मेंढपाळाचा चेहरा मी फोडला. काचेत दोष नव्हता आणि तुमच्या भट्टीतही नव्हता. मी फोडला.

निघायच्या दिवशी सकाळी निरोप आला आणि तासाभरात गाडी सुटणार होती. भट्टी आदल्या संध्याकाळी विझवलेली, म्हणजे त्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नव्हता. तुम्ही बाबांसाठी घोंगडं आणायला घरात गेलात. मी दारावर तळहात ठेवला आणि प्रार्थना एका दमात म्हणून टाकली, पोरं पाढे म्हणतात तशी. चटका बसत होता. मी आमेन म्हटलं आणि कडी काढली. दार वीतभर उघडलं असेल नसेल, आतून टक् असा आवाज आला. एकच. मी दार लावलं, कडी घातली आणि गाठोडं घेऊन अंगणात येऊन उभी राहिले. तुम्ही घोंगडं घेऊन आलात आणि सवयीने म्हणालात, "उद्या येणार का?" मग स्वतःच हसलात आणि म्हणालात, "आठ दिवसांनी." मी तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घाई का केली तेही सांगते, कारण तेच जास्त अवघड आहे. तुम्ही म्हणाला होतात, "चेहरा तू काढ, माझं चेहऱ्यांशी पटत नाही." मी तुम्हाला तो बघू दिला नाही. झाकून ट्रेवर ठेवला आणि भाजल्यावरच बघा म्हटलं. त्या काचेवर मी तुमचा चेहरा काढला आहे. तपकिरी रंगातून काडीने उजेड खरवडताना हात तिकडेच गेला. डावा गालही काढलाय, जसा आहे तसा, कानापासून हनुवटीपर्यंत. काढताना मला तो फार सुंदर वाटला होता. भट्टीत गेल्यावर मात्र धीर सुटला. तुम्हाला थट्टा वाटली तर? सगळ्या मंडळीसमोर जन्मभर टांगून ठेवलं असं वाटलं तर? त्यातून मी तिथे नसताना तुम्ही एकटेच दार उघडणार. म्हणून मला तो तुमच्या आधी बाहेर काढायचा होता. म्हणजे लाज वाचवायला गेले आणि चेहराच घालवला.

काल बाबांनी उशाखालून तंबाखूची डबी काढून माझ्या हातात दिली. आत कापसात ते तीन लाल तुकडे होते. वर्षभर त्यांनी जपून ठेवलेत. मी म्हटलं, "हे कशाला ठेवलेत?" तर म्हणाले, "पोरी, तुकडे घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा मागच्या मागे पळावंसं वाटत होतं. पण गेलो ते बरं केलं. घरी बसून राहिलो असतो ना, तर तो गुलाब रोज फुटला असता." त्यांना माझं काहीच माहीत नाही. म्हणजे मला असं वाटतं. बापाला काय माहीत असतं ते कोणी सांगावं!

बाबा गुलाब फोडून परत गेले. मी चेहरा फोडून पळाले.

सहा एप्रिलला चर्चचा अर्पणविधी आहे आणि खिडकीत मेंढपाळाच्या जागी भोक आहे, ते माझ्यामुळे. तुम्ही ये म्हणालात तर मी येईन आणि नवा चेहरा रंगवीन, तुम्ही सांगाल तसा. नको म्हणालात तर तेही बरोबरच आहे. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आठ दिवस उगाच मागून घेतले होते, एवढं तरी माहीत असू दे. मला ते त्याच क्षणी ठाऊक होतं.

तुमची,
धाकटी

मंगळवार, २५ मार्च

गुलाबचोराच्या मुलीस,

तुझी चारही पत्रं मिळाली. मला लिहायची सवय नाही हे तू जाणतेस. शिवाय जरासा ताप आहे.

आधी पत्र का लिहिलं नाही ते सांगतो. शनिवारी करार संपला आणि मंगळवारी तू आली नाहीस. मी विचारलेल्या प्रश्नाचं तेच उत्तर असं धरलं. एकदा बांधलेल्या माणसाला सुटल्यावर पुन्हा हाक मारू नये. त्याला वाटतं अजून बांधलेलंच आहे. तू मफलरचं लिहिलंस तेव्हा उत्तर लिहायला घेतलं होतं. कागद खराब केले.

आता भट्टीचं. ती मी उघडलेली नाही.

तू भरलेली भट्टी होती. जी भरते तिनेच उघडायची, असा आमच्याकडे नियम आहे, तुला सांगायचा राहिला असेल. पहिले आठ दिवस मी तुझी वाट पाहिली. नंतरही उघडवली नाही. रोज सकाळी दारावर हात ठेवून प्रार्थना म्हणतो, एवढंच. दार केव्हाच दगडासारखं गार झालंय. खिडकीतल्या कळपाची अकरा मेंढरं रंगवून अजून कच्ची, न भाजलेली पडून आहेत. पाळकसाहेब दर दोन दिवसांनी येऊन भट्टीकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि घसा खाकरून जातात.

तेव्हा तू केलेलं मला तुझ्याच पत्रातून कळलं. तू लिहिलं नसतंस तरी चाललं असतं असं मी म्हणणार नाही. लिहिलंस ते बरं झालं.

तडा गेला असेल तर तिथे काच जोडणारी शिशाची एक पट्टी जास्त पडेल. खिडकीत अशा तीनशे पट्ट्या आहेत. सगळी काच तुकड्यांचीच असते. बाबांच्या डबीतले तीन तुकडे घेऊन ये. गुलाबाची जागा मी अजून रिकामी ठेवली आहे.

चेहऱ्याबद्दल वाचून मी बराच वेळ अंगणात जाऊन बसलो. राग आला नाही. काय आलं ते मला लिहिता येणार नाही. मंडळीला चालेल का म्हणून पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ज्याच्या अंगावर खुणा नाहीत असा मेंढपाळ माझ्या तरी ओळखीचा नाही."

दार बंद आहे. उघडणार तूच. मी शेजारी उभा राहीन.

उद्या येणार का, हे या अंतरावरून विचारणं बरोबर नाही. जेव्हा जमेल तेव्हा.

काचवाला

शुक्रवार, २८ मार्च, तुमच्याच कामाच्या बाकावरून

अहो काचवाले,

"जरासा ताप" म्हणे! पाळकबाईंनी मला गाडीतून उतरताच सगळं सांगितलं. चार दिवस तुम्ही धड जेवला नाहीत आणि डॉक्टरांना दारातून परत पाठवलंत. त्यांना म्हणालात, गर्दी नको. एका डॉक्टरची कसली गर्दी?

मी आत आले तेव्हा तुम्ही भट्टीपाशी खुर्चीत झोपला होतात, हात दाराला टेकवून. मी तुमच्या नाकाशी हात धरला, मग कपाळावर ठेवला, आणि मग मला रडू आलं. कांदा नव्हता जवळ, खरंच आलं. तुम्ही जागे झाला नाहीत. कपाळ गरम आहे पण घाम फुटलाय. डॉक्टर येऊन बघून गेले, ताप उतरतोय म्हणाले. तुम्ही झोपेतही त्यांना "नको" म्हणालात, आणि त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

तुम्हाला उठवायचं नाही असं बजावलंय, म्हणून हे पत्र लिहून तुमच्या गुडघ्यावर ठेवते आहे. जागे झालात की आधी शेजारच्या पेल्यातलं दूध प्या आणि मग पुढचं वाचा. मी बघते आहे.

ताईला सगळं सांगितलं. तिने या वेळी विळी घेतली नाही. माझं गाठोडं तिनेच बांधलं, आणि बाबांना उठवून बसवायला आपल्या नवऱ्याला आणून उभं केलं. दारात मला म्हणाली, "त्याला म्हणावं, माझी बहीण भारी उतावळी आहे, सांभाळ." बाबांनी डबी दिली आणि सांगितलं की आता हा गुलाब चोरीचा नाही, परत आलेला आहे. ती डबी तुमच्यासमोर बाकावर आहे. तिन्ही तुकडे मी आत्ताच कागदावर जुळवून पाहिले. नीट बसतात. एक कपचा गेलाय, पण तो शिशाखाली झाकला जाईल.

मी अजून दार उघडलेलं नाही. तुमचा हात हळूच बाजूला करून माझा ठेवला आणि प्रार्थना म्हटली. सावकाश म्हटली, प्रत्येक ओळ. क्षमेच्या ओळीला थांबले, पण या वेळी आवाज फुटला. आमेनपर्यंत हात तसाच राहिला. कडीला मात्र हात लावला नाही. पंचवीस दिवस तुम्ही थांबलात, मग मला तुमची झोप होईपर्यंत थांबायला काय झालं? आत काय आहे ते आपण दोघं मिळून बघू. तडा असेल तर असू दे. शिसं वितळवून ठेवलंय, पट्ट्या मी ओतते.

आता तुमच्या प्रश्नाचं. तुम्ही या अंतरावरून विचारलं नाहीत, म्हणून मी अंतर कमी करून आले आहे. उद्या येणार का? येईन. परवाही येईन. सहा तारखेपर्यंत रोज येईन, अकरा मेंढरं भाजायची आहेत. सहाला चर्चचं अर्पण झालं की त्याच खिडकीखाली आपलं लग्न लावायला पाळकसाहेब तयार आहेत. मी येतानाच त्यांना विचारून आले. उतावळी आहे, ताईने सांगितलंच आहे. त्यानंतर मात्र हा प्रश्न मला विचारायचा नाही. जी जाणारच नाही, तिने यायचं कुठून?

दूध प्यालात का? मग उठा आता. भट्टी केव्हाची निवली आहे.

तुमचीच